साठ हजारांचं डी-३ पाकीट: साठीपुढच्या बायकांच्या हाडांसाठी किती कामाचं?

मेडिकलमध्ये ‘डी-३ द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा साठ हजार युनिटचंच काहीतरी येतं. एक ग्रॅम पावडरीचं पाकीट, नाहीतर मऊ कॅप्सूलची स्ट्रिप, नाहीतर पाच मिलीची इवलीशी बाटली. कॅल्सिरॉल, अपराइज, डी-राइज, ॲराचिटॉल नॅनो अशी नावं वेगळी, पण आतलं औषध एकच, कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन डी-३, आणि मात्राही तीच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या मात्रेचं आहे. साठीपुढच्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलंय, कारण या पाकिटाकडून सगळ्यात मोठी आशा त्यांच्या घरात धरली जाते: आई पडली तरी हाड मोडू नये.

आमचं मत आधीच सांगतो. रक्तातलं डी खरोखर कमी असेल तर ते भरून काढायला हे पाकीट स्वस्त, सोपं आणि भरवशाचं आहे. मात्र फ्रॅक्चर टाळण्यासाठी महिन्याला एक घेत राहण्याचं औषध म्हणून ते कमी पडतं. सत्तरीपुढची, एकदा पडलेली, चालताना तोल जाणारी बाई असेल तर रोजची छोटी मात्रा अधिक सुरक्षित. आणि ज्या बाईला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, झालेला आहे तिला नुसतं डी देऊन थांबणं म्हणजे तिच्यावर अर्धेच उपचार करणं.

एका पाकिटात नेमकं किती

साठ हजार युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, सत्तरीपुढे ८००. म्हणजे ६०० च्या हिशेबाने एका पाकिटात १०० दिवसांचा साठा आहे. महिन्याला एक घेतलं तर रोजचे सरासरी २,००० युनिट पडतात, आठवड्याला एक घेतलं तर साडेआठ हजार. नेहमीचा कोर्स आठवड्याला एक असा आठ आठवड्यांचा, एकूण ४,८०,००० युनिट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डी चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. यकृतात त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप तयार होतं, रक्ततपासणीत मोजतात ते हेच. मग मूत्रपिंडात त्यातून प्रत्यक्ष काम करणारं संप्रेरक बनतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं हे त्याचं मुख्य काम. डी कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं. असं वर्षानुवर्षं चाललं की हाड आतून पोखरत जातं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत इस्ट्रोजेन उतरल्यामुळे बायकांच्या हाडांची झीज तशीही जोरात चालू असते. त्यात डीची कमतरता असेल तर गळती दोन्हीकडून होते.

जिथे या पाकिटाला तोड नाही

डी फारच खाली, म्हणजे एक मिली रक्तामागे १० नॅनोग्रॅमच्याही खाली गेलं आणि तसंच राहिलं की हाड मऊ पडू लागतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. नवं हाड तयार होतं, पण त्यात खनिज नीट भरत नाही. लक्षणं अशी: नडगी किंवा बरगडी अंगठ्याने दाबली की दुखते, कंबर आणि मांड्या सतत ठणकतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठवत नाही, जिना चढताना कठडा धरून अंग वर ओढावं लागतं, चाल डुलती होते. घरात याला ‘वय झालं’ किंवा ‘गुडघे गेले’ म्हणतात आणि वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आणि कॅल्शियम-फॉस्फरस खालच्या बाजूला दिसलं तर डॉक्टरांना हा संशय येतोच.

अशा बाईला आठवड्याचं पाकीट आणि सोबत पुरेसं कॅल्शियम दिलं की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ठणका कमी होतो आणि मांड्यांत जोर येऊ लागतो. ‘सोबत कॅल्शियम’ हे महत्त्वाचं. डी हे कॅल्शियम आत घेणारं आहे, ते स्वतः हाडात जाऊन बसत नाही. ताटात कॅल्शियमच नसेल तर नुसत्या पाकिटांनी फार साधत नाही.

दुसरी जागा तितकीच महत्त्वाची, पण घरच्यांना क्वचितच कुणी नीट समजावून सांगतं. ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड देतात, किंवा दर सहा महिन्यांनी कातडीखाली डेनोसुमॅब. दोन्ही औषधं हाडांतून कॅल्शियम बाहेर पडणं थांबवतात. अंगात डी कमी असताना ती दिली तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं: ओठांभोवती, बोटांत मुंग्या, हातापायांत पेटके, जास्त उतरलं तर झटके. म्हणून इंजेक्शनच्या आधी डी तपासून भरून घ्यायचं असतं, आणि तिथे आठ आठवड्यांचा हा कोर्स अगदी योग्य बसतो. ‘आधी पाकिटं संपवा, मग इंजेक्शन’ असं डॉक्टर म्हणाले तर ती चालढकल नव्हे.

हाड मोडण्याचा धोका किती उतरतो

इथे जरा थांबून वाचायला हवं, कारण जाहिरातीतला ‘मजबूत हाडं’ हा दावा आणि चाचण्यांतले आकडे यांत बरंच अंतर आहे.

डी कमी असलेल्या वयस्क बायकांचं खुब्याचं हाड जास्त मोडतं, हे खरं आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधल्या बायकांच्या रक्ताचे नमुने तपासून २००८ मध्ये जे छापून आलं त्यात १९ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी डी असलेल्यांना खुब्याच्या फ्रॅक्चरची शक्यता सर्वांत वरच्या गटाच्या तुलनेत ७१ टक्के जास्त निघाली. पण यावरून ‘डी दिलं की फ्रॅक्चर टळतं’ असं सिद्ध होत नाही. जी बाई आधीच अशक्त आहे, घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, तिचं डी कमी असतं आणि ती पडतेही जास्त. खरं काय ते पाहायला औषध देऊनच बघावं लागतं.

सगळ्यात चांगला निकाल फ्रान्सचा, १९९२ चा. सरासरी ८४ वर्षांच्या, वृद्धाश्रमांत आणि वृद्धांच्या वसाहतींत राहणाऱ्या ३,२७० बायका. रोज ८०० युनिट डी-३ आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली. आजही डीच्या बाजूने बोलताना हीच चाचणी पुढे करतात. करायलाही हरकत नाही, फक्त तीन गोष्टी सोबत सांगाव्यात: या बायका फार वयाच्या होत्या, बाहेर फारशा पडत नव्हत्या, आणि त्यांना डी रोज आणि कॅल्शियमसोबत मिळत होतं.

त्यामानाने धडधाकट बायकांमध्ये फायदा विरत जातो. २००६ मध्ये आलेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ बायकांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी दिलं. सात वर्षांत खुब्याच्या हाडाची घनता एका टक्क्याने चांगली राहिली, खुब्याची फ्रॅक्चर १२ टक्के कमी दिसली, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच ‘व्हायटल’ चाचणीचा निकाल आला: २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ, फ्रॅक्चरमध्ये काही फरक नाही. त्यातल्या बहुतेकांचं डी सुरुवातीलाच ठीक होतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यातला तो प्रकार. आपल्याकडच्या खूप कमी डी असलेल्या बाईला हा निकाल जसाच्या तसा लावू नये, पण २८ नॅनोग्रॅमचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या बाईला तो जरूर सांगावा.

आता मोठ्या मात्रेकडे येऊ, कारण आपलं पाकीट त्याच जातीचं आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडाने देऊन पाहिले. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्या गटात फ्रॅक्चर २६ टक्के जास्त आणि पडण्याचं प्रमाण १५ टक्के जास्त निघालं, तेही डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अधिक. आपला आठ आठवड्यांचा कोर्स एकूण ४,८०,००० चा, जवळपास तेवढाच. पण तो दोन महिन्यांत विभागून आणि ज्यांना कमतरता आहे त्यांनाच द्यायचा असतो, एका घोटात नाही. फरक इथेच पडतो.

स्वित्झर्लंडमधली झुरिकची २०१६ ची चाचणी तर थेट आपल्या पाकिटाची आहे. सत्तरीपुढची, आधी एकदा पडलेली २०० माणसं. एका गटाला महिन्याला २४,००० युनिट, दुसऱ्याला ६०,०००. रक्तातली पातळी साठ हजारवाल्यांची जास्त वाढली. पण वर्षभरात पडले किती? २४,००० च्या गटात ४७.९ टक्के, ६०,००० च्या गटात ६६.९ टक्के. रिपोर्टवरचा आकडा सुधारला आणि माणसं जास्त पडली. उलट ऑस्ट्रेलियातल्या ‘डी-हेल्थ’ चाचणीत साठीपुढच्या २१ हजारांहून जास्त लोकांना महिन्याला साठ हजार दिले, तिथे फ्रॅक्चर वाढली नाहीत आणि ठळकपणे कमीही झाली नाहीत. म्हणजे महिन्याचं पाकीट घेणाऱ्या प्रत्येकीने घाबरून जावं असं नाही. पण एकदा पडलेल्या बाईला ते देताना झुरिकचा आकडा विसरून चालणार नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ च्या मार्गदर्शनात पन्नाशीपुढे डी द्यायचंच असेल तर क्वचित मोठ्या मात्रेऐवजी रोजची छोटी मात्रा सुचवली आहे.

‘मग रोज भरपूर घेऊ’ असंही नको. कॅनडात कॅलगरीला ५५ ते ७० वयाच्या लोकांना तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिले. मनगटाच्या हाडाची घनता ४०० वाल्यांपेक्षा ४,००० आणि १०,००० वाल्यांची कमी भरली.

सहा लाख युनिटचं इंजेक्शन आपल्याकडे अजून सर्रास टोचतात, ‘एकदाच घ्या, वर्षभर बघायला नको’ म्हणून. ऑस्ट्रेलियाचा पाच लाखांचा अनुभव डोळ्यांसमोर असताना वयस्क बाईला ते घ्यायला आम्ही सांगणार नाही. पोट औषध घेतच नसेल, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरने ठरवायची.

पावडर, कॅप्सूल की बाटली

पावडरीचं पाकीट सगळ्यात स्वस्त पर्यायांपैकी, आणि जनऔषधी केंद्रातही साठ हजारांचं डी-३ मिळतं. औषध तेच आहे, नावाला पैसे मोजायची गरज नाही. पावडर पूर्ण कधी विरघळत नाही. पेलाभर दुधात घालून ढवळलं तरी थोडे कण तळाशी बसतात आणि काही साय धरलेल्या कडेला चिकटतात. म्हणून आधी दोन-तीन चमचे कोमट दुधात पेस्ट करावी, मग उरलेलं दूध ओतावं, पिऊन झाल्यावर पेल्यात घोटभर दूध फिरवून तेही प्यावं. उकळत्या दुधात घालू नये. फोडलेलं पाकीट अर्धं ठेवून ‘पुढच्या आठवड्याला’ वापरू नये, पावसाळ्यात ती पावडर दोन दिवसांत गोळा होते आणि अर्धं म्हणजे किती याचा काही भरवसा नसतो.

मऊ कॅप्सूलमध्ये औषध तेलात असतं, मात्रा चोख असते, सांडत नाही. गिळायला मात्र ती बऱ्यापैकी मोठी वाटते, आणि कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. शाकाहारी घरांत हे आधी सांगितलेलं बरं. खरं तर नेहमीचं डी-३ सुद्धा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनवतात. कडक शाकाहार पाळणाऱ्यांना दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं डी-३ किंवा डी-२ मिळतं. डी-२ ने पातळी तितकी टिकून राहत नाही, एवढं लक्षात ठेवून घ्यावं.

‘नॅनो’ लिहिलेल्या बाटलीत औषध पाण्यात मिसळेल असं बारीक केलेलं असतं. जुलाब, स्वादुपिंडाचा किंवा पित्ताचा आजार, म्हणजे तूप-तेल पचतच नाही अशांना त्याचा उपयोग होऊ शकतो. चांगलं पचन असलेल्या बाईने त्यासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. तिने नेहमीचं पाकीट जेवणासोबत घ्यावं, कारण डी शोषायला सोबत स्निग्ध काही लागतं. वरण-भातावर तूप घेतलेलं दुपारचं जेवण ही चांगली वेळ. उपासाच्या दिवशी, सकाळी अनशापोटी काळ्या चहाबरोबर घेणं ही वाईट वेळ.

कुठे चुकतं

सर्वांत धोक्याची चूक एकच: आठवड्याचं पाकीट रोज घेणं. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ इंग्रजी घाईत लिहिलेलं असतं, घरी बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, आणि आठ दिवसांत आठ पाकिटं संपतात. म्हणून औषध घरी आणल्या आणल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आठ रविवारांवर खूण करून ठेवावी आणि पाकिटं रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नयेत.

दुसरी चूक दोन डॉक्टरांमुळे होते. हाडांचे डॉक्टर एका नावाने साठ हजार लिहून देतात, फॅमिली डॉक्टर दुसऱ्या नावाने, आणि दोन्ही चालू राहतात. नाव न बघता ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ हा शब्द आणि त्यापुढचा आकडा बघावा.

तिसरी, कोर्स संपल्यावर काहीच न घेणं. २५-हायड्रॉक्सी डीचं प्रमाण साधारण दोन ते तीन आठवड्यांत निम्मं होतं. ज्या कारणाने कमी झालं होतं ते कारण तसंच असेल, म्हणजे बाई घरातच असते, सावलीतच असते, तर काही महिन्यांत ती पुन्हा तिथेच येते. कोर्सनंतर रोज ८०० ते १,००० युनिटची साधी गोळी चालू ठेवणं आम्हाला महिन्याच्या पाकिटापेक्षा पटतं. रोजची गोळी जिच्याकडून घेतलीच जात नाही, तिच्यासाठी महिन्याचं पाकीट काहीच न घेण्यापेक्षा बरं.

‘मी रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसते’ हे फार ऐकू येतं. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण डी बनवणारे अतिनील-बी किरण त्यात नगण्य असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते पुरेसे पोचतात, साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी तीन. काचेच्या खिडकीतून ते येत नाहीत. शिवाय सत्तरीच्या कातडीत डी बनण्याची ताकद विशीतल्या कातडीच्या निम्म्याहूनही कमी असते. दुपारच्या नागपुरी उन्हात म्हाताऱ्या बाईला बसवण्यापेक्षा गोळी बरी.

दुधावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठीही हिशेब आहे. निळ्या ‘+एफ’ खुणेच्या फोर्टिफाइड दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट घालतात. म्हणजे पावशेर दुधात ५० ते ७५. चांगलंच आहे, पण ८०० च्या जवळ जात नाही.

कॅल्शियमच्या स्ट्रिपवरचं बारीक अक्षर

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि त्यातलं जितकं ताटातून येईल तितकं बरं. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत १८० च्या आसपास. वाटीभर दही, चमचाभर तिळाची चटणी असं जोडत गेलं की बऱ्याच जणी ६००-७०० पर्यंत पोचतात. उरलेलं गोळीतून.

गोळी घेताना समोरचा मोठा आकडा बघून फसू नये. ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. ‘कॅल्शियम सायट्रेट १,००० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष जेमतेम २१०. दुसरीवर छापलेला आकडा बघून रोज एक घेणारी बाई आपल्याला हजार मिळालं असं समजून चालते. शेलकॅल ५०० सारख्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत २५० युनिट डी असतं, तेही हिशेबात धरावं.

कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. रोज पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या बाईला सायट्रेट बरं पडतं, आणि मूतखड्याची सवय असेल तर डॉक्टर बहुधा तेच निवडतात. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, शोषण घटतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी असेल तर ती सकाळी अनशापोटी साध्या पाण्याच्या भरल्या पेल्याबरोबर, नंतर निदान अर्धा तास आडवं न होता, आणि कॅल्शियम त्या दिवशी दुपारच्या जेवणात. चहा किंवा दुधाबरोबर अलेंड्रोनेट घेतलं तर ते जवळपास वायाच जातं.

तपासणी कधी आणि कोणती

प्रत्येकीने दरवर्षी डी तपासावं असं नाही. हाडं दुखतात, मांड्यांत ताकद नाही, फ्रॅक्चर झालंय, हाडांचं इंजेक्शन द्यायचंय, फिट्सची गोळी किंवा स्टिरॉइड चालू आहे, आतड्याचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, अशांनी करावं. तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ अशी मागावी. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ वेगळी आणि महाग असते, कमतरता असूनही तिचा आकडा नॉर्मल किंवा जास्त येऊ शकतो. उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी चालू असेल तर ती दोन-तीन दिवस आधी थांबवावी, काही यंत्रांवर तिच्यामुळे डी खोटं जास्त दिसतं.

रिपोर्टमध्ये ३० च्या खालचं सगळं लाल अक्षरात येतं. घाबरू नका. हाडांसाठी बहुतेकांना २० नॅनोग्रॅम पुरतात असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने काढलेलं आहे. परदेशातून आलेला रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर आकड्याला अडीचने भागा: ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम. पुन्हा तपासायचं तर उपचार सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी. शेवटचं पाकीट घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलेला रिपोर्ट फुगलेला येतो.

पण हाड किती ठिसूळ आहे हे डीच्या रिपोर्टवरून कळतच नाही. त्यासाठी खुबा आणि कमरेचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, लागते. त्यातला टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. सोसायटीतल्या मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून जे सांगतात ती अल्ट्रासाउंड चाचणी. तिच्यावरून औषध सुरू करायचं नसतं, फार तर डेक्सा करायला निमित्त. उभ्या उंचीवरून पडून मनगट, खांदा किंवा खुबा मोडला असेल, किंवा उंची चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल, तर डेक्साचा आकडा काहीही असो, हाडांच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. फ्रॅक्चरचा धोका ठळकपणे कमी करतात ती ही औषधं, डी आणि कॅल्शियम त्यांच्या पायाशी असतात. डेनोसुमॅब सुरू केलं तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नका, मध्येच सोडलं तर मणके एकापाठोपाठ एक दबू शकतात.

कोणी स्वतःहून घेऊ नये

मूतखडा झालेला, मूत्रपिंड कमजोर, रक्तात कॅल्शियम आधीच जास्त, पॅराथायरॉइडचा आजार, सार्कोइडोसिस किंवा चालू टीबी, यांपैकी काही असेल तर साठ हजाराचं पाकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. टीबी आणि सार्कोइडोसिसमध्ये शरीर मूत्रपिंडाबाहेरही डीचं संप्रेरक बनवतं आणि कॅल्शियम भराभर चढू शकतं. हृदयासाठीचं डिगॉक्सिन किंवा थायझाइड जातीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तरी आधी विचारावं.

पाकिटं चालू असताना तोंडाला सारखी कोरड, लघवी वारंवार, भूक मेलेली, मळमळ, नवीनच बद्धकोष्ठ आणि बोलण्यात गोंधळ असं एकत्र दिसलं तर ‘उन्हाळ्यामुळे असेल’ म्हणून दिवस काढू नका. डी आणि कॅल्शियम दोन्ही बंद करून त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा, आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप आणि पाकिटं सोबत न्या, म्हणजे किती पोटात गेलं ते डॉक्टरांना मोजता येईल.